आठ वर्षांचा आळस

पुणे, ९ मार्च १९९६

ती. सौ. आईस,
जयमालाचा नमस्कार. तब्येत सुधारतेय, काळजी करू नकोस. अमोल तुझ्याकडे नीट जेवतो ना?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? नंतर दूध आलं होतं का?" आठ वर्षांत हे कुणीच विचारलं नाही. कोपरगावला नेलं की सलाईन लावून परत. अमोलला शेजारच्या रतनबाईनं पाजलं हे मात्र अख्ख्या गावाला माहीत.

मेंदूखाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. ताप, कष्ट, भीती, काहीही आलं की मेंदू एक रसायन पाठवून तिला जागं करतो, तेव्हा कुठे अंगाला झेपायचं बळ मिळतं. माझी ग्रंथी बाळंतपणात रक्त गेल्यानं वाळून गेली. मेंदूतलं तेच रसायन सुईनं टोचून बघितलं, तरी ती हलली नाही.

आणि सासूबाई नळावर सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हिला काम नको हाय, लई आळशी." तूही म्हणालीस, "अंग मोडून काम कर, सवय होईल." भाकरी थापताना भोवळ यायची, तरी मी तुमचंच खरं मानलं.

आता त्याच नळावर जाऊन तू सांग, तेवढ्याच मोठ्यानं.

त्या बळासाठीची गोळी आता जन्मभर घ्यायचीय. पाच दिवस झाले. आठ वर्षांत मला रागवायचंही बळ नव्हतं, आज सकाळपासून नुसता संताप येतोय. घाबरून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "गोळी लागू पडली."

रागावलेली, तरी तुझीच,
जयमाला