बरकत, दोन, तीन

२२ ऑक्टोबर २००१
आणि हे बाबाले कोण सांगणार? म्हणे, बंडू कुठंच दोन महिने टिकत नाही. काहून नाही टिकणार? रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या ठोक दुकानात मले दीड महिना झाला. रायपूर आता नव्या राज्याची राजधानी आहे, हुशार माणूस वाया जात नाही. बहिणीच्या, दीपमालाच्या, शिलाई मशीनले दिवाळीआधी हजार रुपये पाठवतो म्हटलं, म्हणजे पाठवतो.

२४ ऑक्टोबर
मुनीम शालिग्रामजी थकले. कापडाचे थान, म्हणजे तागे, मोजताना पहिल्यावर हात ठेवून ‘बरकत’ म्हणतात, मग एकदम ‘दो, तीन’. एक मोजतच नाहीत! बाराच्या गठ्ठ्यात अकराच जात असतील. मी बोललो नाही. वयाचा मान असतो.

२७ ऑक्टोबर
शालिग्रामजींचा गुडघा सुजला. मोजणी माझ्याकडे! बरकत, एक, दोन, तीन... बारापर्यंत. देवाचंही झालं, धंद्याचंही.

३१ ऑक्टोबर
धमतरीचा व्यापारी शेठले म्हणे, भैया, गिनती इसी लड़के से करवाना. महासमुंदवाल्यानं चहा पाजला, वर दोन समोसे. इमानदारी लोकायले लगेच कळते.

५ नोव्हेंबर, दुपारी
गोदामात सोळा थान कमी. शेठ सगळ्यायवर ओरडले. मी म्हटलं, दोन दिवसात चोर धरून देतो.

६ नोव्हेंबर
जेवलो नाही. हमाल तुळशीरामवर नजर ठेवून राहिलो. तो म्हणे, का देखत हस गा, म्हणजे काय पाहतो रे?

७ नोव्हेंबर
शेठनं सगळ्यायसमोर मले गठ्ठा मोजाले लावला. मोठ्यानं मोजला. शालिग्रामजी मटकन खाली बसले. म्हणे, अरे बाबू, बरकत ही तो एक है! पहिल्या नगाले एक म्हटलं का धंदा एकावरच अडते, म्हणून बरकत म्हणाचं, वाढ होते. त्यायच्या आजोबापासून चालू आहे म्हणे. माझा प्रत्येक गठ्ठा तेराचा निघाला. तुळशीराम पोट धरून हसला.
दोन दिवसात चोर सापडला, हे मात्र माझ्या म्हणण्याप्रमाणेच झालं.

१० नोव्हेंबर
धमतरीवाल्यानं चार थान परत केले. महासमुंदवाला फोन उचलत नाही. बाकी माझ्या पगारातून कापणार. शेठ म्हणे, भरपाई होईपर्यंत तुले सोडत नाही. हिशेब लावला तर पुढची दिवाळी इथंच. आता म्हणा, टिकत नाही!

१२ नोव्हेंबर
दीपमालाले लिहिलं, मशीनपेक्षा आधी हात बसला पाहिजे, सध्या सुईनं शिव. चांगली कैची घे म्हटलं. मनीऑर्डर केली. रुपये पंचावन्न.