बहीण क्रांती यांची साक्ष

सांगली, मंगळवार

प्रिय नानासो मामा,

तुम्हाला आणि मामींना प्रभूच्या नावानं सलाम. मामींच्या गुडघ्यांसाठी रोज प्रार्थना करते. (रोज म्हणजे आठवण होते तेव्हा. तुम्हाला खोटं लिहायला हात धजत नाही.) हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग निम्मं पाटण ऐकतं.

तुम्ही विचारलंत, दोन वर्षांत सांगलीत किती जणांना प्रभूकडे आणलं. एकालाही नाही, मामा. इथं विरोध होईल असं बजावून तुम्ही मला पाठवलंत, पण विरोध करायला कुणाला वेळ आहे? आमच्या कुरिअरच्या ऑफिसात मी सुवार्तेच्या पत्रिका वाटल्या. सगळ्यांनी 'अरे वा' म्हणून घेतल्या आणि चहाच्या कपाखाली ठेवल्या. जेवणाआधी डोळे मिटले की विचारतात, ॲसिडिटी का? थोडा छळ झाला असता तर सभेत सांगायला काहीतरी झालं असतं. आणि तुम्ही तर मे महिन्याच्या सभेच्या पत्रकावर 'बहीण क्रांती यांची साक्ष' असं छापून मोकळे झालात!

म्हणून दीड महिन्यापूर्वी मनाचा हिय्या केला. शेजारच्या टेबलावरच्या संयोगिताला बाजूला घेतलं आणि प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं असलं की आपण चर्चच्या मंडळीत म्हणतो तसंच म्हणाले, मला तुला साक्ष द्यायची आहे. तिनं माझे दोन्ही हात धरले. "खरंच देशील? आगं, लय उपकार हुतील! दोन साक्षीदार मिळाल्यात, तिसरा कोण घावंना." तिचं आणि अजमलचं (आमची पार्सलची गाडी चालवतो तो) नोंदणी पद्धतीनं लग्न ठरलं होतं. दोघांच्याही घरी मान्य नव्हतं, आणि मी आयतीच चालून आले होते. तारण समजावून सांगायची ती वेळ नव्हती. मी हो म्हणाले.

लग्न काल झालं. नोंदणी कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, मुलीच्या कोण लागता? मी सवयीनं बहीण म्हणाले. त्यांनी माझं आडनाव पाहिलं, तिचं पाहिलं आणि विचारलं, सख्खी? म्हटलं, प्रभूमध्ये. त्यांनी चष्मा पुसला आणि 'मैत्रीण' लिहिलं.

बाहेर बाकावर बसल्यावर संयोगिता म्हणाली, "आमाला आशीर्वाद द्यायला कोणच न्हाई. तुमच्यात कायतरी म्हणतात न्हवं, ते म्हण की." मी डोळे मिटले, तिनं हात जोडले, अजमलनं ओंजळ धरली. दोन वर्षं मी लोक बदलावेत म्हणून प्रार्थना करत होते. काल पहिल्यांदा मागितलं, ही दोघं आहेत तशी सुखात राहू देत. हे तुमच्या शिकवणीत बसत नाही, ठाऊक आहे. मला भीतीही वाटली. पण इतक्या मनापासून मी कित्येक महिन्यांत प्रार्थना केली नव्हती. सगळ्यांत आधी आमेन म्हणाला तो शिपाई. (त्याला बाक हवा होता.) माझा विश्वास गेला असं समजू नका, मामा. रविवारी मंडळीत जाते, गातेही. फक्त आता मागच्या बाकावर बसते.

तुमची भाची,
क्रांती

ता. क. पत्रकावरचं माझं नाव खोडा. नाहीतर मी येऊन हेच सांगेन.

आणखी एक ता. क. संयोगिताचे चुलते काल संध्याकाळी तिच्या खोलीवर दोन गाड्या घेऊन आले होते. दोघांनी काही दिवस सांगलीत नसलेलं बरं, आणि तुमच्याकडे त्यांना कुणी शोधणार नाही. हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्यांनी ते तुमच्या हातात दिलं, ती दोघं अजून दारातच उभी असतील. त्यांना आत घ्या, मामा.