राहण्याचा खर्च

३ फेब्रुवारी

ठरलं! जायचं. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रस्त्याने, महिनाभर.

विचारणारे कोण, तर आमच्या जिन्याखालचे सोफेवाले. जुने सोफे, खुर्च्या नव्याने मढवून देतात, दुकानामागच्या खोलीत एकटेच राहतात. औषधाच्या दुकानातली माझी पाळी संपली की त्यांच्याकडे चहा घेऊन मगच मी जिना चढते. आज दारात एक म्हातारी व्हॅन उभी. "घेतली," म्हणाले. "येता का? लांब जाऊ." जसं काही कोपऱ्यापर्यंतच जायचंय!

मी म्हटलं, "खर्च निम्मानिम्मा."

"मग हिशेब तुम्हीच करा. माझं गणित पहिल्यापासून लंगडं."

आमचे हे गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून 'येता का' असं कुणी विचारलंच नव्हतं.

६ फेब्रुवारी

पेट्रोल, टोल, टायर, जेवण. पेट्रोलची बेरीज तीनदा केली, आकडा तोच. मग जेवणावर कात्री — स्टोव्ह बरोबर न्यायचा, पाव-अंडी आपणच करून खायची.

त्यांनी भलतंच कलम सुचवलं. "वाट चुकण्यासाठी थोडे बाजूला ठेवा." मी खोडलं. चुकायलाही पैसे? ते एका खुर्चीची स्प्रिंग उगाच दाबत बसले.

वर आल्यावर पुन्हा लिहिलं. वाट चुकणे — थोडे.

९ फेब्रुवारी

आज 'राहणे' या कलमाशी आलो. दोघंही बराच वेळ हवेबद्दल बोललो.

११ फेब्रुवारी

दोन खोल्या लिहिल्या. दुसरं काय लिहिणार? बेरीज आभाळाला टेकली. तेवढं माझ्याकडे नाही, त्यांच्याकडेही नाही.

"बरोबर आहे," म्हणाले — कडू काढा गिळावा तसे. आणि मग एकदम, "खोली तुम्हाला. मी व्हॅनमध्ये झोपेन. गाद्या करणं तर माझा धंदाच आहे!"

१५ फेब्रुवारी

लेक आली होती. सांगून टाकलं. चहाचा कप तसाच खाली ठेवला तिने.

"आई, त्या काकांबरोबर? महिनाभर? लोक काय म्हणतील?"

"लोक माझं भाडं भरत नाहीत."

"आणि बाबा?"

मी तिचा कप उचलून मोरीत ठेवला. जाताना तिने दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

सोफेवाल्यांनी काल व्हॅनमध्ये झोपून पाहिलं. तालीम म्हणे! सकाळी उतरले ते धनुष्य होऊन. एक हात कमरेवर, नजर जमिनीवर. "गादी उत्तम आहे," म्हणाले. "माणूस जुना निघाला."

हसून हसून मी बेजार. मग मलम आणलं, कुणाच्या तरी अर्धवट मढवलेल्या सोफ्यावर त्यांना पालथं पाडलं आणि पाठ चोळून दिली. चोळता चोळता हसू कधी थांबलं, कळलं नाही.

दिवस फार छान गेला. का, ते लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी

आज मीच म्हटलं — कागदाकडे बघत, त्यांच्याकडे नाही — "एक खोली, दोन पलंग. बसतंय."

ते म्हणाले, "तुमच्या लेकीचं मन मोडून नको. पैसे साठवू. पुढच्या वर्षी जाऊ."

तळपायाची आग मस्तकात! "पुढचं वर्ष काय विकत घेऊन ठेवलंय तुम्ही?" म्हटलं आणि पाय आपटत जिना चढले. सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

२२ फेब्रुवारी

चहा घरीच केला. पाणचट झाला.

२५ फेब्रुवारी

लेक आली — पण माझ्याकडे नाही, सरळ खाली! खिडकीतून बघत होते. व्हॅनचं दार उघडलं, आत बसली, सीटवरून हात फिरवला. मला राहवेना. उतरले.

ती त्यांची उलटतपासणी घेत होती. "ब्रेक बघून घेतले?"

"घेतले."

"स्टेपनी?"

"नवी आहे."

"आई घोरते. माहीत आहे?"

मेली! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोफेवाले कानापर्यंत लाल. तरी खालच्या आवाजात म्हणाले, "जिन्याखालीच झोपतो मी. ऐकू येतं."

लेक फिसकन हसली. हसता हसता डोळे भरून आले तिचे. "बाबा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे," म्हणाली. मग आम्ही दोघी व्हॅनमध्ये बसून थोडं रडलो, आणि सोफेवाले टायरमधली हवा पुन्हा तपासत राहिले.

निघताना मला म्हणाली, "रोज फोन. एक दिवस चुकलीस तर बघ." आणि त्यांना — "काका, हळू चालवा."

२६ फेब्रुवारी

कामावर जाण्याआधी खाली गेले. ते खुर्ची मढवत होते, ओठांत पाच-सहा खिळे धरलेले. हिय्या केला आणि विचारलं, "लग्न कराल माझ्याशी?"

खिळ्यांमुळे तोंड उघडता येईना. मान मात्र हलवली — वर-खाली, वर-खाली. थांबेचनात!