बदावीमामांचे गुडघे आणि तुझा मजला

प्रिय मुनीरा,

माझ्या गुडघ्यांवर या गावात जो अन्याय चालला आहे, त्याची दाद कुणाकडे मागावी ते मला कळत नाही. दर मंगळवारच्या बैठकीत बदावीमामांचे हाडकुळे गुडघे माझ्या गुडघ्यांना ढुशा देत असतात. ते पडले नगरसभेचे अध्यक्ष, त्यामुळे पाय आखडून घ्यायचे ते मीच.

आणि हे सगळं आपल्याच घरात. बाबांनी जाताना घर गावाला दिलं, ते नगरसभेच्या समितीनं पुन्हा उभं केलं. खाली प्रशस्त सभागृह हवं, असं फर्मान निघालं. आपल्या लामू बेटावर खोलीची रुंदी घरमालक नाही, खारफुटीचा वासा ठरवतो, हे इथल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. समितीनं लांबी ठणकावून सांगितली. रुंदीबद्दल बोलायचं कुणाला सुचलंच नाही. अथ्मान मिस्त्रीनं जन्मभर केलं तेच केलं. सभागृह झालं बोळासारखं. मंडळी भडकली, तर मिस्त्री म्हणाला, "वासा वाढवून आणा, मी खोली वाढवतो."

आता आम्ही दोन ओळींत समोरासमोर बसतो, गुडघ्याला गुडघा. गंमत अशी, की ज्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागलाय त्याला चोर म्हणणं जड जातं. वर्षानुवर्षं रखडलेला पाण्याचा नळ एका बैठकीत मंजूर झाला. मामा सांगत फिरतात, ही रचना त्यांचीच दूरदृष्टी. दाराबाहेरच्या दगडी बाकांवर म्हाताऱ्यांनी चुना वाळायच्या आत बैठक मारली. पाठीला पांढरे शिक्के घेऊन कॉफी पीत होते.

तू तेवढी हे बघायला आली नाहीस. घर देताना कागदावर सही केलीस आणि परतीच्या होडीत बसताना म्हणालीस, "तुझा मजला झाला, बाबांचं पुण्य झालं. माझं इथे काय राहिलं?"  

लेकीच्या लग्नात तिच्यासाठी घरावर मजला चढवायचा ही इथली रीत, म्हणून बाबांनी दोघींचे वासे जमवले होते. माझ्या वेळी कमी पडले, तेव्हा तुझे उचलले. "पुढच्या होडीनं आणू," म्हणाले. तू लग्न केलं नाहीस, मोंबासात लोकांच्या पोरी शिकवत राहिलीस, आणि ती होडी राहूनच गेली.

माझ्या मजल्याच्या वरती पत्रे टाकायचं समितीत ठरत होतं. मी बदावीमामांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मामा, पत्रे नकोत. वर माझ्या बहिणीचा मजला आहे." मामांना सरकायला जागाच नव्हती. पत्रे रद्द झाले. पुढच्या खोलीत पोरींचं वाचनालय; मागची, समुद्राकडच्या खिडकीची, तुझी. चावी माझ्या कमरेला आहे. शुक्रवारी नमाजानंतर दार उघडायचंय. तू आता शाळेतून मोकळी झालीस, आणि इथल्या पोरींना धाक घालणारं कुणी नाही. मला त्या हसतात. म्हणून हे पत्र. ये, आणि राहायलाच ये.

वासे मी स्वतः धक्क्यावर जाऊन निवडले, सरळ बघून. गेल्या महिन्यात मिस्त्रीनं शेवटचा चढवला. तुझे तुला पोचले.

तुझीच,
झैतुनी