एकशे तिसाव्या पानावरचा माणूस

प्रिय खारुताई,

तुझं पार्सल काल दुपारी आलं आणि तेव्हापासून मी घरभर उगाचच हसत फिरतेय. तुला झालंय तरी काय, म्हणून तुझे बाबा दोनदा विचारून गेले. मी ताकास तूर लागू दिली नाही. म्हटलं, आधी लेकीला लिहू, नवऱ्याचं मग बघू.

आपल्या घरात तोंडाने कोणी काही सांगतच नाही, हातातल्या पुस्तकावरून ओळखायचं. बाबांची कंबर धरली की ते खुनाच्या कादंबऱ्या काढतात; चार माणसं मेली की त्यांना म्हणे बरं वाटतं. मी चिडले की शब्दकोश घेऊन बसते, थेट 'अ'पासून. मागच्या महिन्यात 'ख'पर्यंत पोचले, तेव्हा त्यांनी घाबरून आपणहून माळा आवरला. आणि तू! खुशीत असलीस की तुला दम निघायचा नाही, आधी शेवटचं पान वाचून मोकळी व्हायचीस. गणितात नापास झालीस तेव्हा मात्र आठवडाभर प्रवासवर्णनं वाचत होतीस. प्रगतिपुस्तक दाखवायच्या आधीच मला कळलं होतं, की पोरीला कुठेतरी लांब पळून जायचंय.

म्हणून तर लग्न मोडल्यावर तू त्या शहरात एकटी राहायला गेलीस, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. वाचनालयाने बाद केलेली पुस्तकं घरी आणायची, सुटलेली पानं शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा आणि दर महिन्याला तीन पुस्तकं तुला धाडायची. महिना संपला की तू ती परत पाठवायचीस आणि फोनवर म्हणायचीस, मस्त होती गं आई. अगं, तीस वर्षं वाचनालयाची पुस्तकं बांधतेय मी! नव्याने बांधलेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं की त्याची पाठ बारीकसा कट् असा आवाज करते. एकदाच. तुझ्याकडून परत आलेली पुस्तकं माझ्या हातात कट् करायची. सात महिने, एकवीस पुस्तकं. त्यातलं एकही तू उघडलं नव्हतंस.

 तू माझ्या समाधानासाठी खोटं सांगायचीस आणि मी तुझ्या समाधानासाठी ते खरं मानायचे. पण तो आवाज झाला की मी पुस्तक लगेच मिटून ठेवायचे. जेवतानाही ताटाशी पुस्तक धरणारी माझी पोर तिथे दिवसभर करते तरी काय, हाच विचार मनात चालायचा. बाबांनी त्या सात महिन्यांत वाचनालयातले सगळे खून संपवले.

आणि काल! पार्सलातल्या त्या जाडजूड कादंबरीची पाठ पार मऊ झालेली. कट् नाही की काही नाही. एकशे बाराव्या पानावर चहाचा डाग, आणि शेवटच्या पानावर तुझ्या तेलकट बोटांचे ठसे. वाचलास ना आधी शेवट? चहाच्या डागासाठी मी वाचनालयात भल्याभल्यांना फैलावर घेते, तुला ठाऊक आहे. काल त्याच डागावरून हात फिरवत बसले आणि रडले. आनंदाने गं, घाबरू नकोस.

मग आतल्या खुणा सापडल्या. दोन! एक बसचं तिकीट, दोनशे सहाव्या पानात. ती तुझी. दुसरी एकशे तिसाव्या पानात, सुतार लाकूड घासायला वापरतात त्या काचकागदाची पट्टी, अगदी सरळ कापलेली. मागे तू पुस्तकांसाठी कपाट करून घेतलंस म्हणालीस, तेव्हा पुस्तकं परत पाठवणाऱ्या मुलीला कपाट कशाला, म्हणून बाबा बुचकळ्यात पडले होते. मला आता उलगडा झाला. कपाट करणाऱ्या त्या शहाण्याने माझं पान खरवडून ठेवलंय, हे त्याला सांग. पण एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नाही, म्हणजे माणूस चांगला दिसतो. सावकाश वाचतो, एवढंच. तू कधी धीराने वाचलंस? तुला असाच हवा.

इथवर लिहिलं आणि राहवलं नाही, बाबांना सांगून आले. ते आज कंबर विसरून सरळ उभे राहिलेत.

आता मुद्द्याचं. महिना संपला म्हणून सवयीने तू ही कादंबरीही पार्सलात टाकलीस, आणि तो बिचारा एकशे तिसाव्या पानावर लटकलाय. म्हणून ती तश्शीच परत पाठवतेय, डागासकट. दोन्ही खुणा होत्या त्या पानांत आहेत. फक्त काचकागदाच्या जागी मी त्याच्यासाठी कापडी पट्टी शिवलीय. वाचनालयात हिची आणखी एक प्रत आहे, तीही पाठव म्हणून बाबा मागे लागले. मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? एकच पाठवणार. एकच असली की दोघांना जवळ बसून वाचावी लागते. त्याला शेवट सांगू नकोस हं.

तुझीच, शब्दकोश मिटून ठेवलेली,
आई