दाराची गाठ

कवठे महांकाळ

पारसदादा,

विहिरीच्या भांडणावरून आदगोंडाकाकांना तू बेदाणा शेडच्या खोलीत कोंडलंस, तेव्हा वादळात भिंत कोसळेल हे तुला माहीत होतं का? याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू कुठे लपलास तेही माहीत नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

काका त्या भिंतीखाली गेले. दाराच्या कडीला बाहेरून दोर होता आणि त्यावर तुझी डावखुरी गाठ.

आई म्हणाली, "वादळानं मारलं म्हण. भावाला धरून द्यायला पदवी घेतलीस व्हय गं?"

मी म्हटलं, "आई, वादळ गाठ मारत न्हाई."

काकूंना खरं कळायलाच हवं. सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन गाठ तुझीच असल्याचा जबाब मी दिला आहे.

तुझी बहीणच,
ब्राह्मी