‘हरणार’ म्हणणाऱ्याचे मृत्युपत्र

मी, गोविंद यशवंत सरनाईक, वय एकोणसाठ, मूळ राहणार कोल्हापूर, सध्या मुक्काम नजमा, दोहा, कतार, असे लिहून ठेवतो की, माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयात. मला कोणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेले नाही. दाखवायला जवळ कोणी नाहीच. मंगळवारी माझी बायपास आहे. त्याआधी माझे जे काही आहे ते कोणाला जावे, हे मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

डॉक्टरांनी नव्वद टक्के यश सांगितले. मी त्यांना हात जोडले, की साहेब, असे मोठ्याने बोलू नका. त्यांना वाटले मी ऑपरेशनला घाबरलो. मी घाबरलो होतो ते त्यांच्या टक्क्यांना. खुलासा पुढे येईल.

कलम १. कोल्हापुरातील राजारामपुरीतला माझा स्वकष्टार्जित फ्लॅट सूनबाई सौ. अनुजा शौनक सरनाईक हिच्या एकटीच्या नावे व्हावा. मुलगा शौनक याने हरकत घेऊ नये; तो कमावता आहे. अनुजाने घर विकावे, भाड्याने द्यावे नाहीतर कुलूप लावून ठेवावे, तिला कोणी जाब विचारू नये.

कलम २. माझी पत्नी कै. जयमाला हिचा कोल्हापुरी साज बँकेच्या लॉकरमध्ये आहे. तोही अनुजाला. खरे तर तो लग्नातच द्यायचा होता. माझ्या खिशात होता आणि खिशातच राहिला. जिला मी सर्व देतो तिने तीन वर्षे माझ्याशी बोलणे टाकले आहे. उद्या कोणी म्हणेल म्हाताऱ्याला भ्रम झाला होता, म्हणून कारण सांगणे भाग आहे.

कलम ३. यात देणेघेणे काही नाही, पण हे कलम वगळू नये. आमचे पंचगंगा कॉलेज आणि त्यांचे टेंबलाई कॉलेज यांचा फुटबॉलचा सामना म्हणजे कोल्हापुरात दरवर्षीचे युद्ध. आदल्या दिवशी पोरे आपापल्या कॉलेजच्या गेटवर जमतात आणि निकालाचे भाकीत होते. रीत अशी, की आपल्या संघाचा विजय आपण तोंडातून काढायचा नाही. दृष्ट लागते. ‘उद्या चार गोल खाणार आम्ही!’ असे जो छाती बडवून ओरडतो, त्याची संघावर खरी माया. कॉलेजात असल्यापासून आमच्या बाजूचे भाकीत मी सांगत आलो. इथे दोह्यातही आमची जुनी मंडळी नजमातल्या एका कॅफेटेरियात बसून मोबाईलवर सामना बघतात, आणि भाकीत मीच सांगायचे असते. आयुष्यात मला मिळालेला मान म्हणाल तर एवढाच.

शौनकचे लग्न नाशिकला झाले. आशीर्वादासाठी मला पुढे बोलावले. जयमाला हवी होती असे वाटून माझा ऊर भरून आला, आणि मी भर मांडवात म्हणालो, “सहा महिने टिकलं तरी पुष्कळ!” आमच्याकडच्यांनी शिट्ट्या मारल्या. नाशिककरांच्या अक्षता हातात राहिल्या. विहीणबाई शोभाताई खाली बसल्या. मी नंतर परोपरीने समजावले. अनुजा म्हणाली, “बाबा, फुटबॉल वेगळा आणि मी वेगळी.”

तेवढ्यावर निभावले असते. पण ती बाळंतपणासाठी हॉस्पिटलला निघाली तेव्हा मी फोनवर तिला म्हणालो, “काही धड व्हायचं नाही.” देवाशपथ सांगतो, इतक्या जिवापाड मी कधी कोणाची हार बोललो नव्हतो. ओवी सुखरूप झाली. मी अजूनही म्हणतो, त्यामुळेच झाली. अनुजा मात्र शौनकला म्हणाली, “त्या माणसानं माझ्या मुलीला हात लावायचा नाही.” त्यांचे घर मुऐदरला आहे, इथून टॅक्सीने अर्धा तास. माझ्या नातीला मी फक्त शौनकच्या मोबाईलमध्ये पाहिले आहे.

कलम ४. बँकेतली शिल्लक आणि कंपनीकडून येणारी ग्रॅच्युइटी चि. ओवीला, ती सज्ञान होईपर्यंत अनुजाने सांभाळावी. हा पैसा सरावाच्या मैदानांच्या गवताखाली पाण्याचे पाइप टाकून मिळवलेला आहे. वर्ल्डकप या वर्षअखेर आहे. त्या मैदानांवर कोणते देश पळणार, मला ठाऊक नाही. कोणी ओवीला तिकडे नेलेच, तर हे गवत तुझ्या आजोबांच्या पाण्यावर वाढले, एवढे तिला सांगावे.

कलम ५. नजमाच्या खोलीतला माझा कुकर, पान्यांचा संच आणि गादी श्री. संजीव लोमटे यांना. खोलीत माणसे पुष्कळ, पण संध्याकाळी जो तो आपल्या फोनमध्ये असतो, कोणी घरी हसतो, कोणी घरी भांडतो. मला फोन करायला कोणी नसल्याने मी भिंतीकडे तोंड करून जेवतो. “काका, जेवलाव का?” असे विचारणारा संजीव एकटाच.

कलम ६. कॉलेजमित्र जालिंदर याला काहीही देऊ नये. चौऱ्याऐंशी साली हा गेटवर ‘उद्या जिंकलोच’ बोलून बसला आणि दुसऱ्या दिवशी साधा चेंडू आमच्या गोलकीपरच्या पायांमधून आत गेला. माझ्या तेराव्याला त्याने जरूर यावे. त्याच्या पानात जिलेबी वाढू नये.

कलम ७. देह कोल्हापूरला न्यावा. खर्च कंपनीने द्यायचा असतो. शौनकने मागायला लाजू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

कलम ८. शौनक दर शुक्रवारी येतो. पार्किंग नाही म्हणतो आणि खाली गाडीतच बसतो. मी अ‍ॅडमिट होण्याआधीच्या शुक्रवारी म्हणाला, “बाबा, तिला तुमचं उलटं-सुलटं कळत नाही. एकदा सरळ बोला. दॅट्स ऑल शी वाँट्स.”

“सरळ बोललो आणि दृष्ट लागली तर? तुमचं काही वाकडं झालं तर मी कुठं तोंड दाखवू?”

“मग खलास बाबा. बसा तसेच.” आणि त्याने गाडी सुरू केली.

म्हणून इथे वॉर्डात मी आधी सराव करून पाहिला. परवा कॅफेटेरियातल्या मंडळींचा फोन आला, “काका, यंदा काय?” मी म्हणालो, “आपण जिंकू.” मग कोणीतरी हळूच विचारले, “काका, ऑक्सिजन लावलाय काय?”

काल सामना झाला. आम्ही तीन-शून्य हरलो. सरळ बोलण्याचा माझा अनुभव हा असा आहे.

कलम ९. तरीही लिहितो. अनुजा, तुझा आणि शौनकचा संसार टिकेल. ओवी निरोगी राहील, मोठी होईल. तू माझ्या घरात आलीस हे माझे भाग्य. अक्षर वाईट आले आहे, समजून घे. यातून दृष्ट लागायचीच असेल तर ती मला लागो. मंगळवारी टेबलावर मीच असणार आहे. मला तुम्हा दोघींची फार आठवण येते. एकटे राहवत नाही.

इथवर लिहून झाल्यावर वॉर्डातल्या सिस्टर नफिसा यांना साक्षीसाठी वाचायला दिले. त्या रत्नागिरीच्या, मराठी वाचतात. म्हणाल्या, “काका, ह्ये शेवटचं तुम्ही गेल्यावर वाचून तिला काय उपयोग?” सबब असे ठरवतो की, बाकीची कलमे माझ्यामागे उघडावीत. कलम नऊ आजच अनुजाला पाठवावे. तिने उत्तर द्यावे अशी अट नाही.

वरील सर्व वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करतो.

ठिकाण: दोहा
रविवार, दि. १३ मार्च २०२२

(सही) गोविंद यशवंत सरनाईक

साक्षीदार १. (सही) संजीव लोमटे, मूळ अंबाजोगाई, हल्ली नजमा, दोहा. काकांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २. (सही) नफिसा मुकादम, स्टाफ नर्स. सही माझ्याही समोर झाली. काका आत्ता गोळीने झोपले आहेत, म्हणून इथेच लिहून ठेवते. कलम नऊचा फोटो पाठवला. अनुजाताईंचा मेसेज आला, “लहान मुलांना वॉर्डात सोडतात का?” नियमात बसत नाही. मी हो कळवले आहे.